अण्णा पाना हातात देत नाहीत

ताई, मी सांगलीच्या गावभागात राहते. वय ३१, विश्रामबागेत नोकरी. घर आजोबांच्या वेळचं, जाड भिंतींचं. २०१९ च्या पुरात तळमजला पाण्यात होता, २०२१ ला पुन्हा पाणी आलं. तेव्हापासून पुढच्या खोलीच्या भिंतीचे पोपडे पडतात, पांढरी भुकटी सांडते. माणूस लावून दोनदा पुट्टी आणि रंग केला, दोन्ही वेळा वर्षभरात पहिले पाढे पंचावन्न. म्हणून यंदा ठरवलं, रविवारी रविवारी आपणच करायचं. वडील ६८ वर्षांचे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. उभा जन्म मशीन शॉपमध्ये फिटर म्हणून काढला, घरात सगळी हत्यारं आहेत. मला त्यांच्याकडून शिकायचंय. पण काम सुरू झालं की पाना त्यांच्या हातात आणि बॅटरी माझ्या. मी काही धरलं की लगेच, "तसं नव्हं, आण इकडं." गेल्या महिन्यात ट्यूब बदलायला टेबलावर स्टूल ठेवून चढले. बीपीची गोळी चालू आहे, उतरताना झोक गेला. मी घाबरून ओरडले, "आता तुम्हाला जमत नाही, कळत कसं नाही?" त्या दिवसापासून हत्यारांची पेटी माळ्यावर गेलीय. काही विचारलं की म्हणतात, "माणूस बोलव." मोरीतला नळ गळतोय, तोही तसाच. भाऊ पुण्याहून फोनवर सांगतो, पैसे टाक आणि मोकळी हो. आई म्हणते, तुमच्या भांडणात माझ्या घरात धूळ. गणपतीच्या आधी पुढची खोली करायची होती. अण्णांचं म्हणणं, सिमेंटचा जाड गिलावा मारून वरून वॉटरप्रूफिंग करायचं. दारं खरवडून रंगवायचीत, पण चौकटीवर अण्णांनी पुराच्या दोन रेघा मारून ठेवल्यात, त्यांना हात लावू देत नाहीत. सांगा, काय करू? माणूस बोलवू?
— एक वाचक, गावभाग, सांगली

प्रिय मैत्रिणी,

भिंतीकडं नंतर येऊ. आधी ते वाक्य. "तुम्हाला जमत नाही" हे तू भीतीनं बोललीस, हे तुझ्या पत्रावरून मला कळतं. अण्णांना ते कळलेलं नाही. ज्या माणसानं आयुष्यभर हातांच्या जोरावर घर चालवलं, त्याला पोटच्या पोरीनं हेच सांगावं, हे फार लागतं. पेटी माळ्यावर गेली ती रागानं गेली नाही, असं मला वाटतं. आपली गरज संपली असं त्यांनी मनाशी धरलं असेल. तेव्हा पहिलं काम माफी मागायचं. लांबण लावू नकोस, डोळ्यांत पाणी आणू नकोस, आईला मध्ये घालू नकोस. संध्याकाळी ते एकटे बसलेले असताना एवढंच म्हण, "अण्णा, त्या दिवशी मी चुकीचं बोलले. तुम्हाला जमत नाही असं मला म्हणायचं नव्हतं. तुम्ही पडाल याची मला भीती वाटली." ते बहुतेक "असू दे" म्हणतील आणि विषय बदलतील. बदलू दे. बोललेलं पोचलेलं असतं.

आता बॅटरीचं. तू लिहितेस, काम सुरू झालं की तुझ्या वाट्याला बॅटरी धरणं येतं, आणि त्याचा तुला अपमान वाटतो. पण अण्णा स्वतः कसे शिकले ते कधी विचारलंयस का? शॉपमध्ये नवा पोरगा आला की आधी हेल्परकी. फिटरनं मागितलेला पाना न बघता हातात द्यायचा, पुसून जागेवर ठेवायचा, उजेड धरायचा, आणि बघत राहायचं. मशीनला हात लावायची वेळ फार उशिरा यायची. अण्णा तुला खाली दाबत नाहीयेत, त्यांना जसं शिकवलं गेलं तसंच ते शिकवतायत. दुसरी पद्धत त्यांनी पाहिलेली नाही. तुझी अडचण अशी की तुझ्याकडं हेल्परकीची वर्षं नाहीत, आठवड्यातला एक रविवार आहे. हे त्यांना सांगावं लागेल, आणि भांडण चालू नसताना सांगावं लागेल. "हेल्पर होतात तेव्हा तुमच्या हातात पहिल्यांदा काम कुणी दिलं?" एवढा प्रश्न विचारून बघ. त्यांच्या उत्तरातूनच तुला तुझं बोलणं पुढं नेता येईल.

सांगलीच्या माणसाला तालमीचं उदाहरण द्यायला हरकत नाही. वस्ताद हौद्याच्या कडेला उभा असतो. डाव तोच सांगतो, चूक तोच पकडतो, पण कुस्ती पोरगा खेळतो, आणि म्हणून वस्तादाचा मान कुठं कमी होत नाही. तुम्हा दोघांत अशी वाटणी व्हायला हवी. बघणं, ऐकणं, निदान करणं, "थांब" म्हणणं हे अण्णांचं. हात तुझे. आणि काय करायचं, कधी करायचं, किती खर्चायचं हे तुझं, कारण पगार तुझा जाणार आहे. तिन्ही गोष्टी एकाच माणसाकडं राहिल्या की दुसऱ्याला नुसती बॅटरी उरते. कामाला बसण्याआधी स्पष्ट म्हण, "अण्णा, पाना माझ्या हातात राहू दे, तुम्ही सांगा." ते विसरतील. हात पुढं येईल. तेव्हा वाद न घालता तेच वाक्य पुन्हा म्हणायचं. एकदा मात्र त्यांना करून दाखवू दे. पहिलं त्यांनी करायचं, ते उघडून पुन्हा तू करायचं. यंत्रावर काम केलेल्या माणसाला ही रीत पटते.

सुरुवात त्या गळक्या नळापासून कर. भिंत हे महिनोन्‌महिने चालणारं काम आहे, त्यात दोघांची चिडचिड होणारच. नळ तासाभरात संपतो आणि संपला की दिसतो. नळ जुन्या पद्धतीचा, बरेच आटे फिरवून बंद होणारा असेल तर बहुतेक आतला वॉशर गेलाय. टाकीकडून येणारा कॉक बंद करायचा, नळ उघडून पाइपातलं पाणी जाऊ द्यायचं, मोरीच्या जाळीवर फडकं टाकायचं म्हणजे पडलेला स्क्रू गटारात जात नाही. पान्याच्या जबड्यात कापड धरून वरचा भाग सोडवायचा. आतला वॉशर हातात घेऊन नीट बघ. त्यावर गोल खाच पडलेली दिसेल, कधी एका बाजूला जास्त खोल. ती एकाच बाजूला खोल का, हा प्रश्न अण्णांना विचार. मग नळाच्या आतल्या बैठकीवरून बोट फिरव. तिथं खड्डा लागला तर नवा वॉशरही फार दिवस टिकणार नाही. जुना वॉशर खिशात घालून दुकानात जा, मापाचा अंदाज करू नकोस. अर्ध्या फेरीत उघडणारा नवा नळ असेल तर आत वॉशरऐवजी अख्खं स्पिंडल असतं, तेच बदलावं लागतं, आणि ते कंपनीप्रमाणं वेगळं असतं, म्हणून तेही काढून दाखवायला न्यायचं. पुन्हा बसवताना किती आवळायचं हे कुठल्याही व्हिडिओत कळत नाही. कमी आवळलं की गळतं, जास्त आवळलं की आटे जातात. ते मनगटाला कळावं लागतं, आणि ते मनगट तुझ्या घरातच आहे. त्यांना म्हण, माझ्या हातावर हात ठेवून सांगा, कुठं थांबायचं.

आता भिंत. गणपतीच्या आधी हिला हात लावू नकोस. श्रावण-भाद्रपदात सांगलीची हवाच दमट, त्यात भिंतीला पुट्टी लावणं म्हणजे ओल आत कोंडणं. दोनदा पैसे गेले ते रंगाऱ्याच्या हलगर्जीपणानं गेले असं मला वाटत नाही. काम करून घेताना भिंत वाळली आहे का, हे कुणी पाहिलंच नसावं. गणपती बसवायचा तिथं मागं कापड लाव, भिंतीला चिकटवू नकोस, वीतभर अंतर ठेव म्हणजे हवा खेळेल. एवढ्यावर यंदाचे गणपती छान होतील.

ती पांढरी भुकटी म्हणजे क्षार. आपल्याकडं भिंतीला लोणा लागला म्हणतात तो हाच. विटांमधून पाणी वर चढतं, सोबत जमिनीतले आणि विटेतले विरघळलेले क्षार आणतं. पाणी पृष्ठभागापाशी येऊन उडून जातं, क्षार मागं राहतात, त्यांचे स्फटिक होतात आणि ते फुगून वरचा रंग ढकलून देतात. त्यामुळं रंग कितीही महागाचा आणलास तरी तो पडणारच. अण्णांचा सिमेंटचा उपाय इथं मला पटत नाही. सिमेंटचा घट्ट गिलावा आणि वर वॉटरप्रूफ थर दिला की पाण्याला खोलीच्या बाजूनं बाहेर पडायला वाट राहत नाही. ते आतून आणखी वर चढतं आणि जिथं थर संपतो तिथं बाहेर येतं. नव्या, काँक्रीटच्या घराचं गणित वेगळं. तुमच्यासारख्या जुन्या, चुना-मातीत बांधलेल्या जाड भिंतींना श्वास घेणारा, म्हणजे ओल बाहेर सोडणारा चुन्याचा गिलावा लागतो.

पण हे त्यांना असं सांगू नकोस. फिटरला व्याख्यान पटत नाही, समोरचा पुरावा पटतो. गावभागात जवळपास प्रत्येक आळीत एखादं तरी जुनं घर सापडेल, जिथं पुरानंतर खालच्या तीन-चार फुटांत सिमेंट मारलंय. अण्णांची ओळख असेल तिथं त्यांच्याबरोबर जा आणि सिमेंट जिथं संपतं त्याच्या वर बघा. तिथं ओलीचा पट्टा दिसला तर तू गप्प राहा, निष्कर्ष त्यांना काढू दे. नाहीच दिसला, तर मी सांगते म्हणून भांडू नकोस. दिवाळीनंतर तुमच्याच भिंतीच्या कोपऱ्यात शेजारी शेजारी दोन तुकडे करा, एक सिमेंटचा, एक चुन्याचा, आणि पुढचा पावसाळा जाऊ द्या. खोली एक वर्ष उशिरा होईल. तिसऱ्यांदा पैसे घालण्यापेक्षा ते परवडलं.

पावसाळ्यात भिंतीचं दुसरं एक काम मात्र करता येतं, आणि ते अण्णांसारखं कुणी करणार नाही. छत्री घेऊन दोघांनी भर पावसात घराला बाहेरून चक्कर मारा. पुराला इतकी वर्षं झाली. भिंत अजून ओली असेल तर तिला कुठून तरी रोज पाणी मिळतंय. पागोळ्या भिंतीच्या बुडाशी पडतात का? पन्हळ फुटलंय का? रस्त्यावर थरावर थर पडून तो तुमच्या जोत्याच्या वर गेलाय का, आणि पाणी घराकडं वळतंय का? जुन्या पेठांत हे फार दिसतं. मोरीचा पाइप त्याच भिंतीतून जातो का? तुझा गळका नळही या हिशेबात धर. अण्णा चार ठिकाणी थांबतील, बोट दाखवतील. तू वहीत लिहून घे. पाण्याची वाट बंद केल्याशिवाय आतून केलेला कुठलाही खर्च वाया जातो.

ओल आतून येते की खोलीतल्या दमट हवेची आहे, हे बघायला एक सोपी परीक्षा आहे. पाऊस उघडल्यावर फूटभर लांबी-रुंदीचा जाड प्लास्टिकचा कागद घे, भिंतीचा तेवढा भाग झाडून-पुसून चारही कडांनी चिकटपट्टीनं बंद कर. दिवसभरानं बघ. दव प्लास्टिकच्या आत, भिंतीच्या बाजूला जमलं तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला जमलं तर खोलीतली हवा कोंडलीय, खिडकी उघडी ठेवणं हाच पहिला इलाज.

दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की खरवडायला घ्या. पण त्याआधी अण्णांना भिंत वाजवायला सांग. हातोडीच्या दांड्यानं, खालून वर, हातभर अंतरानं हलकेच. ठणठणीत आवाज आला तर गिलावा धरून आहे. भद्द, पोकळ आवाज आला तर तो विटेपासून सुटलाय, दिसायला कितीही चांगला दिसू दे. ज्यानं बेअरिंगचा आवाज ऐकून बिघाड सांगितला असेल, त्याच्या कानाला हा फरक लगेच कळेल. तुला सुरुवातीला दोन्ही आवाज सारखेच वाटतील. डोळे मिटून उभी राहा, ते वाजवतील, तू सांग, "हा पोकळ, हा भरीव." ते चूक-बरोबर करतील. जिथं पोकळ, तिथं खडूनं खूण. अशी अख्खी भिंत खुणांनी भरली की किती काढायचं ते समोर दिसतं. शिकणं म्हणतेस ते याला. हे तुला पैसे देऊन आणलेला माणूस शिकवणार नाही, त्याला दुसऱ्या साइटवर जायचं असतं.

काढायचं ते ओलीच्या रेघेच्या वर निदान दीड फूट. विटांच्या सांध्यातला भुसभुशीत झालेला माल पटाशीनं थोडा थोडा कोरून काढायचा. क्षार कोरड्या ब्रशनं झाडायचे, पाण्यानं धुवायचे नाहीत, धुतले की विरघळून परत विटेत जातात. खाली पडलेलं लगेच गोळा करून घराबाहेर न्यायचं. नाक-तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा, दोघांनाही. काम करताना वीट हलायला लागली, सांध्यातली माती सांडू लागली, भिंतीला पोट आलेलं दिसलं किंवा आरपार तडा सापडला, तर तिथंच थांबायचं आणि इंजिनिअरला दाखवायचं. तिथं अण्णांचा अनुभवही चालवायचा नाही आणि तुझा उत्साहही.

मग भिंत उघडी ठेवायची. भिंत इंचाला साधारण महिना घेते, असा बांधकामातला जुना हिशेब आहे. तुमची भिंत दीड फुटाची असेल तर पूर्ण वाळायला वर्ष-दीड वर्ष. इतकं कुणी थांबत नाही, म्हणून तर चुन्याचा गिलावा, तो लावल्यावरही भिंत वाळत राहते. दिवाळी ते होळी एवढे महिने तरी तिला मोकळी सोड. उघड्या विटा बघून पाहुणे विचारतील, विचारू देत. त्यानंतर चुना आणि वाळू, मिळाली तर सुरखी (विटांची भुकटी) घालून, असा गिलावा. हे काम तुम्ही दोघांनी करू नका. चुन्यात काम केलेला जुना गवंडी शोधा. असे हात आता कमी उरलेत, पण मिरजेत, सांगलीत जुन्या वाड्यांची, देवळांची डागडुजी करणारे मिळतात, आणि त्यांना शोधून काढणं हे अण्णांचं काम. दोघं एकमेकांशी कामाच्या भाषेत बोलतील. वरून चुन्याचे हात तू दे. चुनकळी आणून घरी विरवायच्या फंदात पडू नकोस, ती उकळते, उडते, डोळ्यात गेली तर डोळा जातो. विरवलेल्या चुन्याची तयार पिशवी आण, आणि तिलाही हातमोज्याशिवाय हात लावू नकोस.

दारांच्या बाबतीत मी जरा कडक बोलते. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. आपल्याकडं घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या वर नको हा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. तुमच्या दारावरचे खालचे थर त्याच्या कितीतरी आधीचे. ते कोरडे घासलेत की धूळ घरभर होते, आणि ती लहान मुलांना सगळ्यात जास्त बाधते. दिव्यानं जाळून रंग काढायची जुन्या लोकांना सवय असते, ती तर मुळीच नको, धुरातून शिसं अंगात जातं. पॉलिश पेपर पाण्याचा घ्यायचा, ओलं ठेवून घासायचं, खाली प्लास्टिक अंथरायचं, निघालेलं त्यातच गुंडाळून टाकायचं. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई राहायला असेल त्या दिवसांत हे काम काढायचंच नाही. भावाकडं मुलं असतील आणि ती सुट्टीत येत असतील तर त्याच्याशी बोलून तारीख ठरव. यावर अण्णा "आम्ही उभा जन्म तसंच केलं" म्हणाले तरी मागं हटू नकोस.

आणि चौकटीवरच्या रेघा. अण्णा हात लावू देत नाहीत यात मला हट्ट दिसत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी तिथं ४५ फूट धरतात. पण ५७ फूट म्हणजे तुमच्या घरात नक्की किती, हे फक्त त्या रेघेला माहीत आहे. ती घराची सगळ्यात कामाची नोंद आहे. तेवढी पट्टी रंगवू नकोस, आणि फरशीपासून दोन्ही रेघांची उंची टेपनं मोजून वहीत लिही, तारखेसकट. मापं अण्णांनी सांगायची, तू लिहायची. त्याच मापावरून ठरेल कपाटाचा कोणता खण वर न्यायचा, कागदपत्रं कुठं ठेवायची, मीटर आणि बोर्ड किती उंचीवर हवेत.

बोर्डावरून आठवलं. पाण्याखाली गेलेल्या वायरिंगला तुम्ही दोघांनी हात लावायचा नाही. ट्यूब बदलणं ठीक, तेही मेन स्विच बंद करून. बाकी परवानाधारक वायरमनच हवा. त्याला दोन गोष्टी सांग: ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळली की आपोआप तोडणारा स्विच) बसव, आणि तळमजल्याची लाइन वेगळ्या एमसीबीवर (जास्त भार आला की पडणाऱ्या स्विचवर) घे, म्हणजे पाणी यायला लागलं की खालची वीज तोडता येईल आणि वरचा मजला चालू राहील. तो काम करत असताना अण्णा शेजारी उभे राहतीलच. राहू देत.

उंचीवरचा नियम मात्र त्यांच्या वयाचा म्हणून मांडू नकोस, घराचा म्हणून मांड. टेबलावर स्टूल कुणीच ठेवायचं नाही, तूसुद्धा नाही. एक बऱ्यापैकी घडीची शिडी विकत घे, शिडीवर चढणारा एक आणि खाली शिडी धरणारा एक, खाली कुणी नसेल तर चढायचं नाही. भिंतीला टेकवायची शिडी असेल तर चार फूट उंचीला एक फूट बूड भिंतीपासून लांब घ्यायचं. चढायचं तुझ्याकडं, धरायचं अण्णांकडं. तुझा जीव त्यांच्या हातात असेल, त्यामुळं हे काम त्यांना हलकं वाटणार नाही. बीपीच्या काही गोळ्यांनी एकदम उठल्या-वाकल्यावर गरगरतं. पुढच्या तपासणीला डॉक्टरांच्या कानावर त्या दिवसाची गोष्ट घाल, अण्णांसमोरच, त्यांच्या मागं नको.

आईचं म्हणणं तू एका ओळीत उडवलंस, ते मला बरं वाटलं नाही. त्या खोलीत दिवसभर वावरते ती. काम रविवारी नऊ ते बारा, जेवणाच्या आत झाडून-पुसून खोली परत तिच्या ताब्यात, आणि झाडायचं तू. फळीची उंची, रंग, कपाट कुठं हे तिला विचारून. भावाला सांग, पैसे पाठवायचेत तर शिडीचे आणि वायरमनचे पाठव, सल्ला पुरे.

राहता राहिला तुझा प्रश्न, माणूस बोलवू का. हो, पण सगळ्यासाठी नाही. वीज, चुन्याचा गिलावा, छत आणि दहा फुटांच्या वरची भिंत, एवढ्याला बोलव. नळ, बिजागऱ्या, भिंत वाजवणं, खरवडणं, सांधे कोरणं, दारं, खालचे चुन्याचे हात, हे तुम्हा दोघांचं. माणूस बोलवला म्हणून तुम्ही हरलात असं मनात आणू नकोस, आणि अण्णांनाही आणू देऊ नकोस. रंगारी आणि गवंडी दसरा-दिवाळीच्या तोंडावर हाताला लागत नाहीत, नंतर मोकळे असतात. तुमचं काम तसंही होळीपर्यंत त्यांच्यासाठी तयार होणार नाही, पण चुन्याचा गवंडी आत्तापासूनच सांगून ठेवायला लागेल. या रविवारी नळ झाला की दुपारी अण्णांना त्याच्या चौकशीला पाठव.